दुसऱ्याच्या फडात आपली हलगी

आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. दोन पैलवानांनी आधीच आपसात ठरवून घेतलं, मातीत नुसती खडाखडी केली आणि शेवटी बरोबरीत सुटले, तर लोक पैलवानांच्याच नव्हे, जोड लावणाऱ्या कमिटीच्याही नावानं बोटं मोडतात. अमेरिकेत नुरा कुस्तीचा रीतसर धंदा आहे. कोण जिंकणार, कसा जिंकणार, नंतर माइक हातात घेऊन काय बोलणार, हे सगळं कंपनीच्या ऑफिसात ठरतं. पैलवान कंपनीशी कराराने बांधलेला, त्याच्या कमरेचा पट्टा कंपनीचा, आणि बहुतेक वेळा त्याचं नावसुद्धा कंपनीचंच. दारासिंग आणि किंगकाँग मुंबईत लढायचे तेव्हा आपण त्याला फ्री-स्टाइल म्हणायचो. १९९०च्या दशकात केबल आली आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ हा शब्द घरोघरी पोचला. शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्डांचा गठ्ठा असायचा, आणि उंची, वजन, छाती, दंड या आकड्यांवरून मधल्या सुट्टीत खरीखुरी मारामारी व्हायची. त्या पत्त्यांवरचे कितीतरी पैलवान तोवर दुसऱ्या कंपनीत निघून गेले होते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ती दुसरी कंपनी आणि ही पहिली यांच्यातलं भांडण हा या लेखाचा विषय. कुस्तीच जिथं ठरवून होते, तिथं दोन कंपन्यांचं वैर तरी खरं असेल का, अशी शंका येणं साहजिक आहे. ते वैर खरं होतं. त्या सगळ्या कारखान्यात ज्याचा निकाल आधी लिहून ठेवलेला नव्हता, अशी ती एकच गोष्ट होती. आणि ज्यांचा रोजचा व्यवहार खोट्याला खरं भासवण्याचा, त्यांना अशी एक खरी गोष्ट हाती लागली की ती कशी पिळून घेतली जाते, ते बघण्यासारखं आहे.

आधी पात्रं. एका बाजूला व्हिन्स मॅकमॅन. त्यांनी १९८२ साली वडिलांकडून कंपनी विकत घेतली, तीच ही डब्ल्यूडब्ल्यूएफ. तोवर अमेरिकेत कुस्तीचे प्रांत वाटून घेतलेले होते. अमुक राज्यांत अमक्याचा धंदा, दुसऱ्यानं तिथं पाऊल टाकायचं नाही, असा अलिखित नियम होता. मॅकमॅननी तो मोडला आणि देशभर पसरले. दुसऱ्या बाजूला जिम क्रॉकेट यांची दक्षिणेतली कंपनी. तिला पैशाची चणचण लागली, तेव्हा १९८८च्या अखेरीस टेड टर्नर यांनी ती घेतली. हे टर्नर म्हणजे सीएनएन काढणारे. त्यांच्या कुस्ती कंपनीचं नाव डब्ल्यूसीडब्ल्यू. दोन्ही आद्याक्षरं जिभेला गाठ मारणारी आहेत, म्हणून पुढे मी मॅकमॅनची कंपनी आणि टर्नरची कंपनी असंच म्हणतो.

भांडणाचा पहिला अंक टर्नर येण्याआधीचा, आणि त्यात एकही ठोसा नाही. क्रॉकेट यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगला व्हायचा. १९८७ साली तो ज्यादा पैसे भरून केबलवर बघता येणार होता. मॅकमॅननी त्याच दिवशी आपला एक नवाकोरा कार्यक्रम ठेवला आणि केबलवाल्यांना कळवलं, की क्रॉकेट यांचा दाखवलात तर आमचा मोठा वार्षिक कार्यक्रम तुम्हाला मिळणार नाही. बहुतेक केबलवाले मुकाट्यानं मॅकमॅनकडे गेले. दोन महिन्यांनी क्रॉकेट यांनी पुन्हा पैसे भरून बघायचा कार्यक्रम लावला, तर मॅकमॅननी त्याच रात्री ‘रॉयल रंबल’ फुकट दाखवला. मग क्रॉकेट यांनीही उट्टं काढलं. २७ मार्च १९८८ला मॅकमॅनच्या ‘रेसलमेनिया’ या त्याच मोठ्या वार्षिक कार्यक्रमासमोर त्यांनी रिक फ्लेअर आणि स्टिंग यांची पंचेचाळीस मिनिटांची लढत फुकट दाखवली. स्टिंगचं नाव त्या एका रात्रीत झालं. समोरचा पैसे घेऊन विकतोय तेव्हा आपण फुकट वाटायचं, ही युक्ती इथंच पक्की झाली. पुढे ती वाटणाऱ्याच्याच अंगाशी आली, ते येईलच.

खरी धुमश्चक्री १९९५ साली सुरू झाली. मॅकमॅनचा ‘रॉ’ हा कार्यक्रम जानेवारी १९९३पासून दर सोमवारी रात्री लागायचा. टर्नर यांनी आपला माणूस एरिक बिशॉफ याला विचारलं, की मॅकमॅनशी टक्कर द्यायला काय लागेल. बिशॉफ म्हणाला, रात्रीची मोक्याची वेळ. टर्नर यांनी आपल्या टीएनटी वाहिनीवरची सोमवारचीच रात्र देऊन टाकली. तिथं लागणाऱ्या ‘नायट्रो’ या नव्या कार्यक्रमाचा पहिला भाग ४ सप्टेंबर १९९५ला मिनेसोटातल्या एका अवाढव्य मॉलमधून थेट प्रक्षेपित झाला. कार्यक्रम चालू असताना लेक्स लुगर हा पैलवान सहज फिरायला आल्यासारखा चालत आला. आदल्याच संध्याकाळी तो कॅनडात मॅकमॅनच्या कंपनीकडून लढला होता! त्याचा करार संपलेला होता आणि मॅकमॅनच्या ऑफिसात कुणी तो नव्यानं बांधून घेतला नव्हता. प्रेक्षकांना धक्का बसला, कारण हा माणूस त्यांच्या हिशोबी ‘तिकडचा’ होता.

इथं दोन गोष्टी समजून घेतल्या की पुढचं सगळं सोपं होतं. पहिली, टीआरपी. ढोबळमानानं शंभर घरांमागे किती घरांत तुमचा कार्यक्रम चालू आहे, तो आकडा म्हणजे रेटिंग. अमेरिकेत हा हिशोब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांतही मिळतो. त्यामुळे कोणता पैलवान आल्यावर लोक थांबले आणि कुणाला बघून पळाले, ते दुसऱ्या दिवशी कागदावर दिसायचं. मारायचं होतं ते समोरच्या कंपनीला, पण नेम धरायचा सोफ्यावर रिमोट घेऊन बसलेल्या माणसावर. दुसरी गोष्ट, थेट दाखवणं आणि आधी चित्रित करून दाखवणं यांतला फरक. खर्च वाचवायला मॅकमॅनची कंपनी ‘रॉ’चे काही भाग एकदमच चित्रित करून ठेवायची. ‘नायट्रो’ थेट. मग बिशॉफनं काय करावं? तो आपल्याच कार्यक्रमात, ‘रॉ’ सुरू व्हायच्या सुमारास, तिकडचे निकाल जाहीर करून टाकायचा. अमका जिंकणार आहे, उगाच वाहिनी बदलायचे कष्ट घेऊ नका! ‘नायट्रो’ दोन-तीन मिनिटं आधीच सुरू करायचा, म्हणजे प्रेक्षक तिकडे जायच्या आत इकडे अडकतो. हे सगळं पोरकट वाटतं, पण मॅकमॅनना आपला खर्चाचा हिशोब बदलून हळूहळू थेट प्रक्षेपणाकडे यावं लागलं.

१८ डिसेंबर १९९५ला ‘नायट्रो’त एक बाई आल्या. मॅकमॅनच्या कंपनीत त्यांचं नाव अलुंड्रा ब्लेझ, आणि तिथला महिला विजेतेपदाचा पट्टा अजून त्यांच्याकडेच होता. त्यांचा करार कंपनीनं संपवला, पण पट्टा मागून घ्यायचं राहून गेलं. त्यांनी आपलं जुनं नाव मडुसा सांगितलं, पट्टा कॅमेऱ्यासमोर धरला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. दहा-पंधरा सेकंदांचं काम. त्यानंतर मॅकमॅनच्या कंपनीत १९९८पर्यंत महिला विजेतेपदच नव्हतं. हा डबा लक्षात ठेवा.

मॅकमॅनचं उत्तर काय, तर विडंबन. १९९६च्या सुरुवातीला त्यांनी टर्नर यांची नक्कल करणारे प्रहसनाचे तुकडे दाखवले. तिकडे गेलेले हल्क होगन आणि रँडी सॅव्हेज कसे थकलेले म्हातारे आहेत, याची टिंगल केली. माझ्या मते ही त्यांची मोठीच चूक. मोठ्या दुकानदारानं समोरच्या नव्या दुकानाच्या नावानं रोज शिमगा केला, तर गिऱ्हाईक एकदा तरी तिकडे डोकावून येणारच. लहानानं मोठ्याचं नाव घेतलं तर लहान मोठा होतो. मोठ्यानं लहानाचं घेतलं, तरीही लहानच मोठा होतो.

आणि त्याच वर्षी टर्नरच्या कंपनीनं सगळ्यात गाजलेला डाव टाकला. २७ मे १९९६, जॉर्जियातलं मेकन गाव. लढत चालू असताना प्रेक्षकांतून साध्या कपड्यांतला एक माणूस कठडा ओलांडून रिंगणात आला आणि माइक हिसकावून म्हणाला, मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी इथं का आलोय ते ठाऊक नाही. तो स्कॉट हॉल. मॅकमॅनच्या कंपनीत त्याचं नाव रेझर रॅमोन होतं. त्यानं आपलं नाव उच्चारलं नाही, यातच सगळी मेख आहे. रेझर रॅमोन हे नाव मॅकमॅनच्या मालकीचं, ते घेतलं तर खटला. न घेता नुसतं ‘तुम्हाला ठाऊक आहे’ म्हटलं, की प्रेक्षक ते नाव मनात स्वतःच घेतो, आणि शत्रूच्या कंपनीनं हल्लाच पाठवला असा समज करून घेतो. दोन आठवड्यांनी केविन नॅश आला, तिकडचा डिझेल. मॅकमॅननी खटला भरलाच. १६ जूनच्या कार्यक्रमात बिशॉफनं दोघांना कॅमेऱ्यासमोर विचारलं, तुम्ही त्या कंपनीत नोकरीला आहात का? दोघं म्हणाले, नाही. हा प्रश्न वकिलांसाठी होता. तो उरकल्यावर लगेच नॅशनं बिशॉफला उचलून मंचावरून खाली आपटलं, ते प्रेक्षकांसाठी. एकाच दृश्यात कोर्टाचंही काम आणि नाटकाचंही.

७ जुलैला या दोघांना तिसरा साथीदार मिळाला, तो हल्क होगन. लहान मुलांचा देव असलेला हा माणूस डोळ्यांदेखत खलनायक झाला आणि लोकांनी रिंगणात कचरा फेकला. त्यांची टोळी ‘एनडब्ल्यूओ’ एवढी चालली की ‘नायट्रो’नं सलग ८३ आठवडे ‘रॉ’ला मागे टाकलं. मॅकमॅननी त्यावर काय करावं? नाव आमचं आहे ना, मग त्याच नावांचे दुसरे दोघे उभे करू! त्या सप्टेंबरात खोटा रेझर रॅमोन आणि खोटा डिझेल आणले. लोकांनी तोंड फिरवलं. कागदावर नाव कंपनीचं असलं तरी लोकांचा जीव माणसावर जडलेला असतो. त्यातला खोटा डिझेल झालेला ग्लेन जेकब्स पुढे ‘केन’ म्हणून जगभर गाजला आणि २०१८ साली टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला, म्हणजे त्याचं काही वाईट झालं नाही.

आता त्या डब्याकडे परत. १९९७ साली मॅकमॅनचा विजेता होता ब्रेट हार्ट, कॅनडाचा लाडका. त्याच्याशी केलेला वीस वर्षांचा करार आपल्याला झेपत नाही असं मॅकमॅननी त्याला सांगितलं आणि तो टर्नरकडे जायला मोकळा झाला. पण जाण्याआधी पट्टा सोडायला हवा. ९ नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये शॉन मायकल्सकडून हरायला हार्टनं नकार दिला. कॅनडा म्हणजे त्याचं घर, आणि मायकल्सशी त्याचं खरोखरचं वाकडं. दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या गावात पट्टा सोडतो असं तो म्हणत होता, आणि शेवटच्या दिवसांत आपलं काय दाखवायचं यात त्याला शब्द असेल असं करारातच लिहिलेलं होतं. मॅकमॅनच्या डोळ्यांसमोर मात्र मडुसा होती. उद्या हा सोमवारी ‘नायट्रो’त पट्टा घेऊन उभा राहिला तर? लढतीत मायकल्सनं हार्टचाच पेच हार्टवर लावला, आणि हार्टनं हार मानलेली नसताना मॅकमॅननी बाजूला उभं राहून घंटा वाजवायला लावली. हार्ट त्यांच्या तोंडावर थुंकला. मग रिंगणात उभं राहून त्यानं हवेत बोटानं टर्नरच्या कंपनीची आद्याक्षरं काढली.

ठरवलेल्या धंद्यात न ठरवलेली फसवणूक झाली, तीही कॅमेऱ्यासमोर. एखाद्याचा धंदा बसला असता. मॅकमॅननी उलटं केलं. लोक आपल्याला खरोखर शिव्या घालताहेत, तर आपणच खलनायक व्हायचं. दुष्ट मालक ‘मिस्टर मॅकमॅन’ हे पात्र इथून उभं राहिलं, आणि त्याच्यासमोर बिअर पिणारा, मालकाला बडवणारा नोकर स्टीव्ह ऑस्टिन. वर माइक टायसनला १९९८च्या रेसलमेनियात पाहुणा पंच म्हणून आणलं. १३ एप्रिल १९९८ला ऑस्टिन खुद्द मॅकमॅनशी लढणार अशी हवा केली, आणि ८३ आठवड्यांची ती साखळी तुटली.

लगेच दोन आठवड्यांनी, २७ एप्रिलला, योगायोगानं दोन्ही कंपन्या व्हर्जिनियात खाडीच्या अलीकडे-पलीकडे होत्या. ‘रॉ’ हॅम्प्टनला, ‘नायट्रो’ नॉरफोकला. मॅकमॅनच्या ‘डी-एक्स’ टोळीनं लष्करी जीप काढली, तिच्यामागे तोफ जोडली आणि ट्रिपल एच व मंडळी नॉरफोकच्या स्टेडियमवर चाल करून गेली. भोंग्यावरून शिव्याशाप, बाहेरच्या प्रेक्षकांना ‘तुम्हाला तिकिटं फुकट मिळाली का’ असे प्रश्न. सामान आत नेण्याचं दार होतं तिथवर गेले, दार बंद झालं, परत आले. घडलं एवढंच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आपल्या कार्यक्रमात ते तुकडे असे दाखवले की जणू किल्लाच सर केला. पुढे सांगताना तर त्या जीपचा अनेकदा रणगाडा झाला! या गनिमी काव्यात लुटीपेक्षा बखर महत्त्वाची होती. समोरच्यानं दार बंद केलं तर तो घाबरला, उघडलं असतं तर आपण आत शिरलो. दोन्हीकडून चित्र आपल्याच कॅमेऱ्यात.

बिशॉफनं याला दिलेलं उत्तर केविलवाणं होतं. १७ मेच्या कार्यक्रमात येऊन माझ्याशी लढ, असं त्यानं मॅकमॅनना आव्हान दिलं. मॅकमॅन येणार नव्हतेच. बिशॉफ रिंगणात उभा राहिला, पंचानं आकडे मोजले, आणि हा गैरहजर माणसाविरुद्ध विजयी झाला. ज्यांनी पैसे भरून ते बघितलं त्यांची मला अजून कीव येते.

मग तोच जुना फुकट वाटण्याचा मोह. ६ जुलै १९९८ला गोल्डबर्ग विरुद्ध होगन ही लढत टर्नरच्या कंपनीनं ‘नायट्रो’त दाखवली. पैसे भरून बघायला लावली असती तर कंपनीनं त्या एका रात्रीत भरपूर कमावलं असतं. पण त्या सोमवारी आकडा हवा होता. तो मिळाला, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा भूक लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते ४ जानेवारी १९९९ला दिसलं. ‘रॉ’ आधी चित्रित झालेला होता आणि त्यात मिक फोली विजेता होणार होता. हा फोली सगळ्यांचा मार खाणारा, ढेरपोट्या, कुणालाही आपल्या शेजारचा वाटावा असा. ‘नायट्रो’च्या निवेदकानं वरून आलेल्या आदेशाप्रमाणे तो निकाल सांगून टाकला आणि वर उपहास केला, की याच्यामुळे आता खुर्च्या भरणार बरं का! प्रेक्षकांनी तो निकाल ऐकला, आणि फोली जिंकताना बघायला लाखांनी वाहिनी बदलली. १९९५ साली जो डाव चालला, तोच चार वर्षांनी उलटला. तेव्हा निकाल कळला की लोकांची उत्सुकता संपायची. आता त्यांना निकालापेक्षा माणूस हवा होता. त्या रात्री ‘रॉ’ला ५.७ आणि ‘नायट्रो’ला ५.०. भरीस भर, ‘नायट्रो’तली मुख्य लढत अशी, की होगननं नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश आडवा झाला आणि पट्टा होगनला. आपल्याकडे एवढ्यावर लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं असतं.

या दोघांच्या हाणामारीत फिलाडेल्फियाची ईसीडब्ल्यू ही छोटी कंपनी भरडली. तिची एकच गोष्ट सांगतो. एप्रिल २०००मध्ये तिचा विजेता माइक ऑसम पट्टा न सोडताच ‘नायट्रो’त दिसला. वकिलांनी तडजोड केली. तो परत येऊन हरणार, पण कुणाकडून? ईसीडब्ल्यूनं मॅकमॅनकडे गेलेला आपलाच जुना पैलवान टॅझ उसना मागितला. १३ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये मॅकमॅनच्या नोकरानं टर्नरच्या नोकराला हरवून तिसऱ्याच कंपनीचा पट्टा जिंकला. पुढच्या वर्षी ईसीडब्ल्यू दिवाळखोरीत गेली.

टर्नरच्या कंपनीला मारलं ते मात्र कुठल्या जीपनं नव्हे. टर्नर यांचा उद्योगसमूह टाइम वॉर्नरमध्ये गेला होता, तो एओएल या इंटरनेट कंपनीत विलीन झाला, आणि नव्या साहेबांना आपल्या वाहिन्यांवर कुस्ती नको होती. मार्च २००१मध्ये त्यांनी वेळच काढून घेतली. वाहिनी नाही म्हटल्यावर कंपनीची किंमत काय राहणार? मॅकमॅननी ती किरकोळीच्या भावात घेतली. २६ मार्चला फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचा ‘नायट्रो’ झाला. शेवटची लढत फ्लेअर आणि स्टिंगची, १९८८ची तीच जोड. त्या रात्री ‘रॉ’ क्लीव्हलँडला होता, आणि अखेरीस दोन्ही वाहिन्यांवर एकच चित्र आलं. रिमोटवरचं बटण दाबूनही काही बदलत नव्हतं.

मग मॅकमॅननी त्या उन्हाळ्यात टर्नरच्या कंपनीचा आपल्या कंपनीवर ‘हल्ला’ अशी गोष्ट लिहून दाखवली. जुलैचा मोठा कार्यक्रम दणक्यात विकला गेला, कारण सहा वर्षं लोक याच टकरीची वाट बघत होते. पण होगन, नॅश, गोल्डबर्ग असे मोठे पैलवान त्यात नव्हते. जुन्या करारांचा पगार घेत ते घरी बसून होते. आणि दोन्ही बाजूंचा मालक एकच आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबरात ते गुंडाळलं.

आता मॅकमॅनच्या जुन्या कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई आहे आणि समोर २०१९ पासून एईडब्ल्यू ही नवी कंपनी आहे. डाव तेच. १० ऑक्टोबर २०२३ला एईडब्ल्यूचा कार्यक्रम एका आठवड्यापुरता मंगळवारी सरकला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या होतकरू पैलवानांच्या ‘एनएक्सटी’समोर आला. तर त्या रात्री त्या पोरांच्या कार्यक्रमात जॉन सीना आणि अंडरटेकर हजर!

आणि तो कचऱ्याचा डबा? २०१५ साली डब्ल्यूडब्ल्यूईनं मडुसा यांना आपल्या मानाच्या यादीत घेतलं, अर्थात अलुंड्रा ब्लेझ या आपल्या मालकीच्या नावानं. समारंभात मंचावर एक डबा ठेवलेला होता. त्यांनी आत हात घातला, पट्टा बाहेर काढला आणि खांद्यावर टाकला.